एकशे एकेचाळिसाव्या शीटला फ्रंट-बॅक का सरकले : सांगलीतल्या एका कामाचा प्रकरण अभ्यास

काम होते हळदीच्या गिफ्ट बॉक्समध्ये ठेवायच्या माहितीकार्डाचे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर. कार्ड ९० बाय १४० मिमी, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना चार रंग आणि नग ४,५००. घात केला तो डिझाइनमधल्या एका गोष्टीने : पुढे आणि मागे, दोन्हीकडे कडेपासून ४ मिमी आत १ मिमी जाडीची चौकट. अशी चौकट म्हणजे फ्रंट-बॅक जुळणीची उघडी परीक्षाच. मजकूर एक मिमी सरकला तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. चौकट सरकली की एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ५ मिमी पांढरे दिसते आणि लहान मूलही बोट ठेवते.

१२ बाय १८ इंची शीटवर, म्हणजे ३०५ बाय ४५७.२ मिमीवर, तीन गुणिले तीन अशी नऊ कार्डे बसवली होती. प्रत्येक कार्डाला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापरेघेबाहेर जादा छपाई. ५०० शीट लागणार होत्या आणि वाया जाण्यासाठी ६० जास्त धरून ५६० कापल्या होत्या. मशीन टोनरवर चालणारे मध्यम श्रेणीचे डिजिटल कलर मशीन : चार ड्रम, एक ट्रान्सफर बेल्ट, आतल्या आत शीट उलटवून दुतर्फा छपाई. शीट अरुंद बाजूने आत जाते. (प्रकरण अशा प्रेसमध्ये वारंवार येणाऱ्या कामांवर बेतलेले आहे. वाचणाऱ्याला हिशेब पडताळता यावा म्हणून मापे एका धाग्यात मांडली आहेत.)

सुरुवातीच्या चार-पाच शीटवर मागची बाजू अर्धा मिमी सरकलेली दिसली. ऑपरेटरने ट्रेच्या सेटिंगमध्ये मागच्या बाजूची प्रतिमा तेवढी सरकवली, नमुना जुळला आणि काम चालू केले. शंभर शीटपर्यंत सगळे ठीक. पुढे कधीतरी एक शीट उचलून पाहिली तर मागची चौकट १.२ मिमी सरकलेली. मशीन थांबले तेव्हा काउंटर १६० वर होता. पुन्हा १.२ मिमीची दुरुस्ती केली, पुन्हा जुळले. २८० शीट झाल्यावर ट्रे रिकामा झाला, नवा कागद भरला आणि आता मागची बाजू तेवढीच उलट दिशेला. ३०० वर काम बंद केले.

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी एकच निष्कर्ष निघतो : मशीन स्थिर नाही, रोलर गेले, इंजिनिअरला बोलवा. रोलर बदलायला हरकत नाही, पण हा दोष रोलरचा नव्हता हे बाहेर पडलेल्या शीटच सांगत होत्या. फक्त त्या ओळीने वाचायला हव्या होत्या.

आधी रंग की कागद, हे वेगळे करणे

‘अलाइनमेंट गेली’ या एका तक्रारीखाली तीन वेगळे दोष येतात : चार रंग एकमेकांवर न बसणे, प्रतिमा शीटवर जागेवर न बसणे आणि पुढची-मागची बाजू न जुळणे. पहिल्याची परीक्षा दहापटीच्या भिंगाखाली दोन मिनिटांत होते. कटमार्कची, म्हणजे कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या खुणेची, काळी रेघ चारही रंगांत छापलेली असते. तिच्या कडेला निळी, गुलाबी किंवा पिवळी किनार दिसते का ते पाहायचे. इथे किनार नव्हती. रंग एकमेकांवर चोख बसले होते.

इथे ऑफसेटवर हात बसलेल्या माणसाची गल्लत होते, म्हणून थोडे थांबू. चाररंगी ऑफसेट मशीनमध्ये कागद स्वतः चार युनिटांतून जातो, त्यामुळे कागद ताणला, आकसला किंवा ग्रिपरमध्ये (कागद पकडणाऱ्या चिमट्यांत) सरकला की रंग सुटतात. बेल्टच्या डिजिटल मशीनमध्ये चारही रंग आधी बेल्टवर एकत्र येतात आणि तयार प्रतिमा एकाच फटक्यात कागदावर उतरते. म्हणून इथे रंग सुटले तर पहिला संशय ड्रम, बेल्ट, लेसर किंवा एलईडी हेड आणि बेल्टवरच्या पट्ट्या वाचणारा सेन्सर यांच्यावर. कागदाचा हात असलाच तर एकाच बाबतीत : जाड शीट ट्रान्सफरच्या जागी आदळते तेव्हा बेल्टला हिसका बसून एक बारीक आडवा पट्टा उमटू शकतो. उलट रंग जुळलेले असून अख्खी प्रतिमाच सरकली असेल, तर रंगांचे कॅलिब्रेशन दहा वेळा चालवूनही काही हाती लागणार नाही. या कामात ते दोनदा चालवले गेले होते.

तीनशे शीट ओळीने वाचणे

बाहेर पडलेली थप्पी कुणी हलवली नव्हती, हे फार मोलाचे ठरले. वाईट शीट वेगळ्या काढून चांगल्या एकत्र केल्या की क्रम जातो, आणि क्रम गेला की पुरावाच जातो. थप्पीतून दर दहावी शीट काढली, कोपऱ्यात पेन्सिलने तिचा क्रमांक घातला आणि पहिल्या बाजूची छपाई होताना कोणते टोक आधी आत गेले त्याचा बाण काढला. त्या टोकाला पुढे ‘तोंड’ म्हटले आहे, उलट टोकाला ‘शेपूट’.

पातळ कागद उजेडावर धरून फ्रंट-बॅक पाहता येते. ३०० जीएसएममधून उजेड नीट येत नाही. तिथे बारीक सुई वापरावी. पुढच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या कटमार्कच्या रेघा जिथे मिळाल्या असत्या त्या बिंदूवर, शीटला अगदी काटकोनात धरून सुई आरपार घालायची. शीट उलटवायची आणि मागच्या बाजूचा तोच बिंदू छिद्रापासून किती आणि कुठे आहे ते ०.१ मिमी खुणा असलेल्या भिंगाने मोजायचे. सुई तिरकी गेली की मापात चूक येते, म्हणून शीट मऊ रबर शीटवर ठेवावी. चार कोपरे, प्रत्येकी दोन आकडे : शीट चालते त्या दिशेचा आणि आडवा. बाहेरच्या कटरेघांमधले अंतर लांबीत ४३२ मिमी, रुंदीत २८२ मिमी.

एका शीटच्या मापावर सेटिंग बदलणे हीच या कामातली मूळ चूक होती. एका शीटवरून सरासरी कळत नाही, पसारा कळत नाही आणि उडी तर अजिबात कळत नाही. तीस शीटचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, मध्ये केलेली १.२ मिमीची दुरुस्ती वजा केली आणि चित्र उघडे झाले. १४० पर्यंत सपाट रेघ. तिथे एकदम १.२ मिमीची पायरी. २८० पर्यंत पुन्हा सपाट. मग परत खाली, पहिल्या पातळीवर. प्रत्येक सपाट भागातला पसारा मात्र जेमतेम अधिक-उणे पाव मिमी.

झिजलेला रोलर अशी पायरी काढत नाही. तो प्रत्येक शीटला वेगवेगळा घसरतो, आकडे विखुरतात. फ्यूजर (टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग) तापत गेल्याचा परिणाम असेल तर रेघ हळूहळू चढते. नेमक्या १४० वर उडी आणि २८० वर परत, याचा अर्थ १४० शीटचा काहीतरी गट होता. कागदाच्या बिलावर मूळ शीट होत्या १४०.

कटिंगच्या टेबलावर काय झाले होते

कागद २५ बाय ३६ इंची. त्यातून १२ बाय १८ चे चार तुकडे निघतात : रुंदीत एक इंच कडेचा काढून बारा-बारा, लांबीत अठरा-अठरा. १४० मूळ शीट म्हणजे चार थप्प्या, प्रत्येकी १४० तुकडे. आधी रुंदी कापली, मग दोन्ही अर्धे एकावर एक ठेवून १८ इंचावर काप मारला. ३०० जीएसएमची एक शीट साधारण ०.३ मिमी जाड धरली तर दुसऱ्या कापाच्या वेळी पात्याखाली सुमारे ८४ मिमी उंचीचा ढीग होता.

आता कापाचे गणित. ३६ इंच म्हणजे ९१४.४ मिमी. बॅकगेज, म्हणजे कटिंग मशीनमध्ये कागद ज्याला टेकवतात तो मागचा अडसर, १८ इंचावर लावला की गेजला टेकलेला तुकडा बरोबर ४५७.२ मिमीचा निघतो. पात्याच्या अलीकडे, माणसाच्या हाताकडे राहिलेला तुकडा मात्र मोजून कापलेला नसतो. तो ‘उरलेला’ असतो. मूळ शीट ९१५.६ मिमी असेल तर वरचा सगळा १.२ मिमी त्या उरलेल्या तुकड्यात जातो. मूळ शीटची दोन टोके एकमेकांना समांतर नसतील तर तो तिरकेपणाही त्याच्याच वाट्याला येतो. गेजकडच्या तुकड्याला काही होत नाही, कारण त्याचे एक टोक गेजला टेकलेले असते आणि दुसरे गेजला समांतर कापले जाते.

चारही थप्प्यांतली एकेक शीट स्टीलच्या पट्टीने दोन्ही कडांवर मोजली. पहिली आणि दुसरी, गेजकडच्या : डावी कड ४५७.२, उजवी ४५७.२. तिसरी : डावी ४५८.७, उजवी ४५८.१. चौथी : डावी ४५८.१, उजवी ४५७.५. म्हणजे सरासरी लांबी अनुक्रमे ४५७.२, ४५७.२, ४५८.४ आणि ४५७.८. ट्रेमध्ये आधी पहिली थप्पी, खाली तिसरी. नंतर दुसरी, खाली चौथी. तिसऱ्या थप्पीची जास्तीची लांबी १.२ मिमी आणि आलेखातली पायरीही १.२ मिमी. काम ४२० पर्यंत रेटले असते तर पुढे ०.६ ची तिसरी पायरी दिसली असती.

पट्टी नसेल तेव्हाची सोपी परीक्षा अशी : एकाच थप्पीतल्या लागोपाठच्या दोन शीट घ्या. एक पुस्तकाचे पान उलटावे तशी पालथी करा, म्हणजे तोंड तोंडाकडेच राहील आणि डावे-उजवे बदलेल. दोघींची तोंडे घट्ट जुळवा आणि शेपटाकडे पाहा. एका कोपऱ्यात वरची आणि दुसऱ्या कोपऱ्यात खालची शीट डोकावली तर टोके समांतर नाहीत.

लांबीतली चूक मागच्या बाजूवर पूर्ण का उतरते

मशीन शीटचे तोंड सेन्सरवर पकडते आणि तिथून ठरावीक अंतरावर प्रतिमा टाकते. पहिली बाजू झाली की शीट उलटवण्याच्या मार्गात जाते, थांबते आणि उलट दिशेने बाहेर येते. त्यात शेपटाचे तोंड होते. म्हणून पुढची बाजू शीटच्या एका टोकापासून मोजली जाते आणि मागची बाजू दुसऱ्या टोकापासून. शीट १.२ मिमी लांब असली की मागची प्रतिमा पुढच्या तुलनेत तेवढीच सरकते. बाजूची कड मात्र दोन्ही वेळा तीच राहते, त्यामुळे रुंदीतली चूक अशी अंगावर येत नाही. दुतर्फा कामात लांबीला जास्त जपायचे ते याचसाठी.

तिरकेपणाचे तर आणखी वाईट. शीट थांबलेल्या रजिस्ट्रेशन रोलरवर आपटते, मागून ढकलली जाते, तिला थोडा बाक येतो आणि त्या बाकाच्या जोरावर तिचे टोक रोलरला समांतर बसते. म्हणजे मशीन शीट सरळ करते ती त्या वेळच्या तोंडाच्या आधाराने. पुढची बाजू एका टोकाशी काटकोनात, मागची दुसऱ्या टोकाशी काटकोनात. टोके ३०५ मिमी रुंदीत ०.६ मिमीने असमांतर असतील तर मागची प्रतिमा तेवढ्या कोनात फिरते. हा फिर ४३२ मिमी लांबीवर गेला की दूरच्या टोकाला आडवी चूक होते ०.६ भागिले ३०५ गुणिले ४३२, म्हणजे ०.८५ मिमी. कापातल्या चुकीपेक्षा छपाईतली चूक मोठी, कारण शीट रुंदीपेक्षा लांब आहे. १६१ ते २८० या शीटवर नेमके हेच दिसत होते : लांबीच्या दिशेने दुरुस्ती जुळलेली, पण एका टोकाची कार्डे आडवी सरकलेली. फक्त प्रतिमा सरकवून हा दोष कधीच गेला नसता.

मशीनमध्ये आपोआप अलाइनमेंट करण्याची सोय असते. तक्ता छापा, स्कॅनरवर ठेवा, मशीन आकडे काढून ट्रेच्या प्रोफाइलमध्ये भरते. सोय चांगली आहे, पण ती ज्या शीट दिल्या त्यांचीच सरासरी काढते. पहिल्या थप्पीतल्या पाच शीट दिल्या तर ती पहिल्या थप्पीसाठी अचूक दुरुस्ती करणार आणि तिसरी थप्पी पुन्हा १.२ मिमी बाहेर.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

उरलेल्या २६० शीट पुन्हा कटिंगला गेल्या. नऊ कार्डांना ब्लीडसह ४३८ मिमी लांबी लागते, त्यामुळे शीट ४५४ मिमीवर आणली तरी दोन्ही टोकांना ८ मिमी उरतात. मशीनची न छापता येणारी पट्टी त्यात बसते. उरलेल्या तुकड्यांच्या थप्पीत प्रेसमध्ये कापलेले टोक गेजला लावले आणि मिलचे, म्हणजे कागद कारखान्यातून आलेले, टोक छाटले. सगळ्या थप्प्या एकाच गेजमापावर, बॅकगेज मध्ये न हलवता. ढिगाची उंची ४५ मिमीच्या आत ठेवली. उंच ढिगात बोथट पाते वरच्या शीट ओढते आणि वरच्या-खालच्या शीटच्या लांबीत तीन-चार दशांशांचा फरक पडतो. पाते बदलले, पात्याखालची पट्टी फिरवून नवी बाजू वर घेतली, कारण जुन्या खोबणीत तळाच्या शीट फाटल्यासारख्या कापल्या जातात.

कापून झाल्यावर प्रत्येक थप्पीच्या बाजूवर मार्करने एक तिरकी रेघ मारली. रेघ अखंड दिसली तर सगळ्या शीट एकाच तोंडाने आहेत. बाक काढण्यासाठी किंवा ट्रेमध्ये ढीग सपाट बसवण्यासाठी अर्धी थप्पी फिरवून ठेवायची सवय अनेकांना असते. दुतर्फा कामात ती सोडावी, त्यामुळे दोन जातींच्या शीट नव्याने तयार होतात. ट्रेवर कागदाचे माप ‘१२ बाय १८’ न ठेवता ३०५ बाय ४५४ असे स्वतंत्र भरले. बाजूचे गाइड शीटला फक्त टेकतील एवढे लावले : ढिले राहिले तर शीट तिरकी निघते, आवळले तर मधोमध फुगते आणि उशिरा निघते.

मग रोलर. आर्ट कार्डच्या कोटिंगची आणि कडांची पांढरी पूड पिकअप (ट्रेतून शीट उचलणाऱ्या) आणि रजिस्ट्रेशन रोलरवर बसते. रबर चकचकीत दिसायला लागले की पकड गेली असे समजावे. मशीन बंद करून, धागे न सुटणारे कापड मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या द्रवाने किंचित ओले करून, रोलर हाताने फिरवत पूर्ण घेर पुसला. जाड कागदासाठी रजिस्ट्रेशनचा बाक किती ठेवायचा हे अनेक मशीनमध्ये कागदाच्या प्रकारावरून ठरते. ट्रेवर साधा कागद लिहिलेला असेल आणि आत ३०० जीएसएम कोटेड असेल तर बाक अपुरा पडतो, शीट सरळ होत नाही. शिवाय फ्यूजरची उष्णता चुकते ते वेगळेच. कागदाचा प्रकार आणि वजन ही पहिल्यांदा तपासायची नोंद आहे. इथे ती बरोबर होती.

नव्याने कापलेल्या १५ शीट छापून पुन्हा तशाच मोजल्या. उडी गेली, आडवा फिर ०.१ मिमीच्या आत आला. उरल्या दोन गोष्टी : सगळीकडे सारखा असणारा थोडा सरकाव, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाणारा ०.६ मिमीचा फरक. हा दुसरा फरक कागद आकसल्याचा. पहिल्या बाजूला शीट फ्यूजरमधून जाते, ओल उडते, शीट आखडते आणि तिच्यावरची पुढची प्रतिमाही तिच्यासोबत लहान होते. मागची प्रतिमा आखडलेल्या शीटवर पूर्ण मापाने पडते, म्हणून ती मोठी दिसते. ४३२ मिमीत ०.६ म्हणजे ०.१४ टक्के. मागच्या बाजूचे मॅग्निफिकेशन (प्रतिमा लहान-मोठी करण्याचे प्रमाण) चालण्याच्या दिशेने ९९.८६ टक्के केले. ज्या मशीनमध्ये ०.१ टक्क्याचीच पायरी असते तिथे ९९.९ ठेवावे, मग साधारण ०.१७ मिमी उरतो, तो सरकावातून दोन्ही टोकांना निम्मा-निम्मा वाटून टाकावा.

क्रम असाच ठेवावा : आधी फिर, मग मॅग्निफिकेशन, सरकाव शेवटी. कारण प्रतिमा फिरवली किंवा लहान-मोठी केली की तिची जागाही बदलते. काही मशीन मधून लहान करतात, काही तोंडाकडून. सरकाव आधी जुळवला तर तो पुढच्या दोन दुरुस्त्यांत बिघडतो आणि माणूस गोल फिरत राहतो. मॅग्निफिकेशननंतर पाच शीट छापल्या, सरासरी सरकाव ०.४ मिमी आला, तो काढला. पुढच्या २४० शीट अधिक-उणे ०.३ मिमीत राहिल्या. या वर्गाच्या मशीनकडून यापेक्षा फार जास्त मागू नये.

पावसाळा आणि ग्रेन

काम आषाढातले. सांगलीत या दिवसांत दार-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत कागद रात्रभर उघडा राहिला की ओल धरतो, कडा लहरतात आणि फ्यूजरमध्ये तो जास्त आखडतो. सकाळी लावलेले मॅग्निफिकेशन मग दुपारी उघडलेल्या रिमला लागू पडत नाही. छपाईची खोली २० ते २५ अंश आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान कापलेली थप्पी लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळावी, ट्रेमध्ये तासाभराचेच कागद भरावेत आणि बाहेरून आलेला कागद वेष्टनासह एक दिवस मशीनच्याच खोलीत ठेवावा. वेष्टन आधी फोडून कागद ‘खोलीला लावणे’ पावसाळ्यात नुकसानीचेच.

कमी पडलेल्या कार्डांसाठी नंतर १५ मूळ शीट आणल्या आणि तिथे एक सापळा होता. जुन्या कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, १२ इंची बाजूला समांतर होता, म्हणजे १८ इंची लांबी ग्रेनला आडवी. कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त आखडतो, म्हणून तो ०.१४ टक्के. नवीन पाकिटातला ग्रेन १८ इंची बाजूने निघाला. शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून पाहिली की कळते : जिकडे सहज वाकते, ती घडी ग्रेनला समांतर. माप, जीएसएम तेच असूनही लांबीतला फरक फक्त ०.२ मिमी आला, आणि मागची बाजू ९९.८६ वर ठेवली असती तर ती ०.४ ने लहान पडली असती. तिथे ९९.९५ लागले. रुंदीच्या दिशेने आखडणे मात्र वाढले, ते २८२ मिमीवर वेगळे मोजून दुरुस्त केले.

छापलेल्या ३०० शीटचे काय केले

सगळ्या फेकायची गरज नव्हती. पहिल्या १४० पैकी सुरुवातीच्या दहा सोडून १३० चांगल्या : १,१७० कार्डे. १४१ ते १६० आणि २८१ ते ३०० बाद. १६१ ते २८० या १२० शीटवर आडवा फिर होता, पण तो एका टोकाला जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या टोकाला ०.८५. म्हणून नऊपैकी सहा कार्डे ०.६ मिमीच्या आत होती, दूरच्या ओळीतली तीन बाहेर. ती तीन काढून ७२० कार्डे वाचली. नव्या कापातल्या २४० शीटची २,१६०. एकूण ४,०५०, उरलेली ४५० नव्या कागदातून.

शेवटच्या कटिंगलाही तीच कड गेजला लावली जी छपाईत धरली होती, आणि कटमार्क पुढच्या बाजूचे न धरता पुढच्या-मागच्यांच्या मधोमध धरले, म्हणजे राहिलेली चूक दोन्ही बाजूंना निम्मी होते. व्यापाऱ्याला पुढच्या छपाईसाठी एकच सुचवले गेले : चौकट कडेपासून ४ ऐवजी ६ मिमी आत घ्यावी, किंवा मागच्या बाजूची काढून टाकावी.

कटिंगच्या चिठ्ठीवर आता असा मजकूर जातो : ‘दुतर्फा काम. २५ बाय ३६ मधून चार. आधी मोठे कापा, मग प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना छाटून ४५४ वर. ढीग ४५ मिमीच्या आत. चारही थप्प्या वेगळ्या बांधा, १ ते ४ आकडे घाला, गेजच्या कडेला रेघ मारा.’ ट्रेच्या प्रोफाइलला नाव दिले आहे त्यात जीएसएम, शीटचे माप, ग्रेनची दिशा आणि महिना आहे. पुढच्या वेळी हे प्रोफाइल लावल्यावरही चारही थप्प्यांतल्या पाच-पाच शीट आधी छापून, क्रमांक घालून, सुईने मोजल्याशिवाय काम सोडायचे नाही, असे ठरले आहे.